डोळ्याचं औषध मधातून

माझ्या सासऱ्यांना घरात सगळे अण्णा म्हणायचे, आणि बंगलोरला आल्यावर त्यांना पहिला धक्का बसला तो ह्याच गोष्टीचा. इथे दूधवाला अण्णा, रिक्षावाला अण्णा, नळ दुरुस्त करणारासुद्धा अण्णा! मी फाटकात उभी राहून भाजीवाल्याला "अण्णा, स्वल्प थांबा" म्हणून ओरडले की आतून सासरे "काय गं?" करत चपला घालून बाहेर यायचे. असं चार-पाचदा झाल्यावर ते म्हणाले, "पुण्यात आमच्या गल्लीत मी एकटा अण्णा होतो. इथे पैशाला पासरी आहेत."

सासूबाई गेल्या त्या वर्षी आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. म्हणजे त्यांना आणि कुत्र्याला. कुत्रा सासूबाईंचा लाडका. दूध केंद्राच्या पायरीवर कुडकुडत बसलेलं पिल्लू त्यांनी पदरात घालून आणलं होतं, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. तपकिरी रंग, आखूड पाय, एक कान उभा आणि एक पडलेला, जात कुठली ते देवाला ठाऊक. "कुत्रा येणार नसेल तर मीही येणार नाही," असं अण्णांनी फोनवर निक्षून सांगितलं होतं. गाडीत कुत्रा गार्डाच्या डब्यात आणि अण्णा आपल्या जागेवर, पण प्रत्येक स्टेशनावर ते उतरून त्याला बघून येत होते. यशवंतपूरला आम्ही त्यांना घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी आधी कुत्र्याला उतरवून घेतलं आणि स्वतःच्या दोन्ही बॅगा गाडीतच विसरले. नवरा धावत आत शिरला म्हणून त्या मिळाल्या.

जे. पी. नगरात आमचं भाड्याचं घर होतं, तळमजल्याचं, पुढे हातभर अंगण. नवरा सकाळी कॉम्प्युटरच्या कंपनीत जायचा तो दिवेलागणीनंतर उगवायचा. मी घरी बसून इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायचे. अण्णा माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलत आणि कुत्र्याशी शंभर. कन्नड शिकायचं त्यांनी साफ नाकारलं होतं. "आता ह्या वयात बाराखडी गिरवू काय?" असं म्हणून ते पुण्याहून येणारं शिळं वर्तमानपत्र उघडायचे आणि त्यातली बातमी कुत्र्याला वाचून दाखवायचे. मला कधी राग यायचा, कधी वाईट वाटायचं.

एके दिवशी सकाळी अण्णांनी अंगणातून हाक मारली. "अगं, बाहेर ये. ह्याच्या डोळ्याला गोचीड लागलीय." त्यांच्या हातात माझा भुवयांचा चिमटा होता. मी पोचेपर्यंत त्यांनी चिमटा लावून ओढलंसुद्धा, आणि कुत्रं असं किंचाळलं की शेजारच्या अक्का कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावल्या. गोचीड कसली, ती गाठ होती. डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर मुगाच्या दाण्याएवढ्या दोन, आणि नाकाकडच्या कोपऱ्यात एक जरा मोठी, टणक, लालसर.

"रांजणवाडी आहे," मी ठामपणे म्हणाले. मला काही माहीत नसलं की मी नेहमीच ठामपणे बोलते. माणसाला जे करतात तेच मग आम्ही कुत्र्याला केलं. तळहातावर बोट घासघासून गरम करायचं आणि गाठीवर टेकवायचं. अण्णा बोट घासत आणि कुत्रा ते बोट चाटून गार करून टाकत असे. लवंग उगाळून लावायचा बेत मात्र अक्कांनी भिंतीवरूनच हाणून पाडला. "अय्यो, लवंग नको हो, झोंबतंय की त्याला! मुकं जनावर ते. डॉक्टरला दाखवा, सरी का?" अक्कांचं माहेर-सासर दोन्ही पिढ्यान् पिढ्या बंगलोरातलं. त्यांचं मराठी कानडीच्या फोडणीतून निघालेलं असायचं आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

जनावरांचा दवाखाना दोन स्टॉप पलीकडे होता. तिथले डॉक्टर वयस्क, शांत, माझ्याशी इंग्रजीत बोलणारे. त्यांनी कुत्र्याला टेबलावर उभं केलं, पापणी अंगठ्याने उलटी केली आणि प्रत्येक गाठ हलके दाबून पाहिली. मग कागदाची नारिंगी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली. डोळा हिरवागार झाला. थोड्या वेळाने कुत्र्याच्या नाकातूनही हिरवं पाणी आलं, आणि अण्णांनी "अरे देवा, मेंदूला गेलं!" म्हणून टेबल घट्ट धरलं. डॉक्टर हसले. डोळ्यातून नाकात जाणारी अश्रूंची नळी मोकळी आहे, बुबुळाला जखम नाही, हे चांगलंच आहे, असं त्यांनी समजावलं. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या तुंबल्या की अशा गाठी होतात. बारीक सुईने त्यांनी वरच्या एका गाठीतलं थेंबभर काढून काचेवर पसरलं, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि ते वाईट जातीचं नाही म्हणाले.

मी सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात ते पुढे बोलले. कोपऱ्यातली गाठ कडक आहे. तिची खात्री त्यांना देता येत नव्हती. दहा दिवस गरम शेक आणि औषध, तेवढ्यात ती उतरली तर ठीक. नाहीतर कापावी लागेल, आणि ती अश्रूंच्या नळीला अगदी खेटून असल्यामुळे डोळ्याला धोका आहे. शिवाय अकरा वर्षांच्या कुत्र्याला भूल द्यायची म्हणजे तोही भरवसा नाही. मी हे सगळं मराठीत अण्णांना सांगितलं. ते कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तेवढ्यात कोणाची तरी गाय अडली म्हणून बोलावणं आलं. डॉक्टर पिशवी उचलून स्कूटरवर बसले आणि औषध कंपाउंडर सांगेल म्हणाले. कंपाउंडर मोठ्या मिशांचा, घाईतला. त्याने एक छोटीशी बाटली आणि एक सुटा ड्रॉपर कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. बाटलीवर शाईने दोन कानडी अक्षरं. "दिना नाल्कु सला," तो म्हणाला. दिवसातून चार वेळा, एवढं मला कळत होतं. "एरडेरडु हनी. गोत्तायता?" कळलं ना, असं तो विचारत होता.

एरडु म्हणजे दोन. हनी म्हणजे हनी. आता इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला हनी म्हणजे काय ते विचारायला लागावं का? "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, असं मी ऐटीत म्हणाले आणि बाहेर आले.

रिक्षात अण्णांना सांगितलं, "औषध चार वेळा, दोन दोन चमचे मधातून द्यायचंय." आणि काय सांगू, त्या माणसाचा चेहरा उजळला. "मधातून?" ते म्हणाले. "म्हणजे अनुपान! बघ, इकडच्या डॉक्टरांना अजून अनुपान ठाऊक आहे. आमच्या लहानपणी वैद्य कुठलीही मात्रा मधातून नाहीतर तुपातून द्यायचे, नुसती कधी नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी सगळं सोडून दिलं." बंगलोरबद्दल त्यांनी काढलेले ते पहिले बरे शब्द. मी धन्य झाले. वाटेत रिक्षा थांबवून कूर्गच्या मधाची मोठी बाटली घेतली.

औषध किती घ्यायचं ते कंपाउंडरने सांगितलं नव्हतं, असं आपलं मला वाटत होतं. लहान बाळांच्या औषधाला असतो तसा तो ड्रॉपर, तेव्हा अर्धा ड्रॉपर घ्यावा असं आम्ही दोघांनी विचारविनिमय करून ठरवलं. वाटीत दोन चमचे मध, त्यात अर्धा ड्रॉपर औषध, बोटाने खललं की चाटण तयार. कुत्र्याने पहिल्या दिवशी वाटी चाटून इतकी लख्ख केली की घासायची गरज उरली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो वेळेच्या आधी कपाटासमोर येऊन बसायला लागला. "इतकं शहाणं पेशंट मी पाहिलेलं नाही," अण्णा म्हणायचे. आम्ही दोघं त्याच्याकडे कौतुकाने बघत उभे असायचो.

शेक मात्र अण्णा स्वतः द्यायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. सासूबाईंच्या मऊ पडलेल्या पातळाचे तुकडे केले होते. एक तुकडा गरम पाण्यात बुडवून पिळायचा, आधी स्वतःचा डोळा मिटून त्याच्यावर ठेवून बघायचा आणि मग कुत्र्याच्या डोळ्यावर धरायचा. दहा मिनिटं, घड्याळ लावून. हे दिवसातून चारदा. कुत्रा त्यांच्या मांडीवर डोकं टाकून घोरायचा. माझी शिकवणी चालू असली तरी पलीकडून अण्णांचा आवाज येत राहायचा, "झालं हं राजा, झालं, आणखी थोडंच."

पाच-सहा दिवसांत वरच्या दोन गाठी मऊ पडल्यासारख्या वाटल्या. कोपऱ्यातली मात्र तसूभर हलली नाही. उलट मला ती जरा वाढल्यासारखी दिसायची, पण मी बोलत नव्हते. अण्णांनाही दिसत असणार, तेही बोलत नव्हते. कुत्र्याचं पोट दोनदा बिघडलं. औषधाची बाटली तळाला गेली. दहा दिवसांतले सात संपले होते, आणि अण्णांनी जेवण कमी केलं होतं. मी पुरणपोळी केली, तीही त्यांनी अर्धी ठेवली. नवऱ्याने विचारलं तर म्हणाले, "भूक नाही." मग ताट बाजूला सारलं आणि एकदम म्हणाले, "हाही गेला तर मी काय करायचं रे?"

आठव्या दिवशी दुपारी अक्का गरम चकल्या घेऊन आल्या. कुत्रा वाटी चाटत होता. "काय चाललंय ह्याचं?" त्यांनी विचारलं.

"औषध घेतोय," मी म्हणाले.

"कसलं औषध?"

"डोळ्याचंच की. मधातून द्यायचंय."

अक्कांनी चकल्यांचं ताट हळूच खाली ठेवलं. "डोळ्याचं औषध तोंडातून? कोण सांगितलं हो हे?"

"दवाखान्यातच सांगितलं. एरडेरडु हनी. दोन दोन चमचे हनी!"

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. मग पायरीवर बसल्या, पदर तोंडात कोंबला आणि अशा हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी! मला कळेना, ह्यांना झालंय काय. "अय्यो देवा," कसंबसं त्या म्हणाल्या, "हनी म्हणजे थेंब गं बाई! थेंब! डोळ्यात दोन दोन थेंब घाला म्हटलंय त्यानं. मधाला आम्ही जेनुतुप्पा म्हणतो. हनी कोण म्हणतंय मधाला?"

मी कपाळावर हात मारला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे माझ्या शहाणपणापायी कुत्र्याचा डोळा जायची वेळ आली होती. आठ दिवस! दहातले आठ दिवस आम्ही डोळ्याचं औषध त्या बिचाऱ्याच्या पोटात घालत होतो, आणि तो गोड लागतं म्हणून शेपटी हलवत होता. मला रडूच कोसळलं. अक्कांचं हसू थांबलं. अण्णा दारात येऊन उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मला वाटलं, आता ते बोलणार. बोलायला हवंच होतं. पण ते म्हणाले, "तुझी एकटीची चूक नाही. अनुपान म्हणून नाचलो मी. तू मध म्हणालीस आणि मी पुढे विचारलंच नाही." मग चपला घालून कुत्र्याचा पट्टा हातात घेतला. "चल. आत्ताच जाऊ. काय ते खरं सांगून टाकू."

डॉक्टरांसमोर मी सगळं कबूल केलं. इंग्रजीत सांगितलं, त्यामुळे ते आणखीच लाजिरवाणं वाटलं. मिशीवाला कंपाउंडर दाराशी उभा होता. "हनी" ऐकल्यावर त्याची मिशी थरथरायला लागली आणि तो पटकन आतल्या खोलीत गेला. तिथून त्याच्या हसण्याचा आवाज येत होता. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बोलायला तोंड कुठे होतं मला?

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, शेक दिला का? रोज चार वेळा, दहा दहा मिनिटं, असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. वरच्या दोन गाठी शेकानेच निम्म्या उतरल्या होत्या. कोपऱ्यातली तशीच होती. त्यांनी नवी बाटली दिली, पापणी खाली ओढून थेंब कसे टाकायचे ते करून दाखवलं, आणि सात दिवस आणखी दिले. त्यापुढे मात्र थांबता येणार नाही, तारीख ठरवून कापायचंच, असं स्वच्छ सांगितलं.

त्या संध्याकाळी अण्णा कंपाउंडच्या भिंतीशी गेले आणि अक्कांना म्हणाले, "मला कानडी शिकवा. औषधापाण्यापुरतं तरी. पुन्हा अशी चूक परवडायची नाही." जो माणूस बाराखडी गिरवायला तयार नव्हता तो रोज चहा घेऊन भिंतीशी उभा राहायला लागला. कण्णु म्हणजे डोळा, नोवु म्हणजे दुखणं, बेकु म्हणजे हवं, बेडा म्हणजे नको. चुकीचा उच्चार झाला की अक्का भिंतीवर चापट मारायच्या. मी भाजी निवडता निवडता ऐकायचे आणि हसू दाबायचे.

इकडे कुत्र्याने आमचा पार पिट्ट्या पाडला. आठ दिवस ज्या बाटलीतून अमृत येत होतं तिच्यातून आता डोळ्यात गार थेंब पडायला लागले, आणि त्याला ही फसवणूक मुळीच मान्य नव्हती. बाटली दिसली की दिवाणाखाली. मी मागचे पाय ओढायचे, अण्णा पुढून मध लावलेलं बोट दाखवायचे. डोकं बाहेर आलं की अण्णा पापणी खाली ओढून मोजायचे, "ओंदु... एरडु!" आणि लगेच बोट त्याच्या तोंडात. एकदा माझा हात हलला आणि दोन्ही थेंब अण्णांच्या चष्म्यावर पडले. कुत्र्याने तोही चाटून पाहिला. आम्ही दोघं जमिनीवर बसून इतके हसलो की नवरा ऑफिसातून आला तो दारातच विचारत उभा राहिला, काय झालं, काय झालं? सासूबाई गेल्यावर अण्णांना मी तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

पण सहाव्या दिवशी ती गाठ फुगली. लाल झाली, डोळा अर्धा मिटला. रात्री अण्णा झोपले की नाही मला माहीत नाही. सातव्या दिवशी सकाळी शेक देता देता त्यांनी मला हाक मारली, आणि मी धावत गेले तर पातळाच्या तुकड्यावर पिवळट, घट्ट असं काहीतरी आलेलं, थोडं रक्तही. "फुटली," ते म्हणाले. "हे चांगलं की वाईट?" मला ठाऊक नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ठामपणे काही बोलले नाही. आम्ही तसेच निघालो. रिक्षात अण्णांनी कुत्र्याला मांडीवर घेतलं होतं, त्याचं डोकं स्वतःच्या हनुवटीखाली दाबून धरलं होतं.

दवाखान्यात तोच कंपाउंडर. मी त्याच्याकडे बघायचंच टाळलं आणि मनाशी ठरवलं, काही झालं तरी ह्या माणसासमोर रडायचं नाही. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, ओल्या कापसाने कोपरा पुसला, पापणी उलटी केली, अंगठ्याने दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा ती नारिंगी पट्टी. पुन्हा डोळा हिरवा. मग सगळे कुत्र्याच्या नाकाकडे बघत उभे राहिलो. ते पाणी काही येईना. अण्णांचे ओठ हलत होते. आणि मग डाव्या नाकपुडीत हिरवा थेंब चमकला.

डॉक्टर सरळ उभे राहिले, हात पुसत कंपाउंडरकडे वळले आणि कानडीत भराभर काहीतरी बोलले. माझ्या कानांत नुसता दडा बसला होता, एक शब्द आत शिरेना. मी विचारायला तोंड उघडलं, तोच अण्णांनी माझा दंड पकडला.

"बेडा म्हणाले!" त्यांचा आवाज चिरकला. "ऑपरेशन बेडा म्हणाले गं! नको! नको म्हणाले!" आणि त्यांनी टेबलावरच्या कुत्र्याला छातीशी कवटाळलं, त्याच्या पडलेल्या कानात, उभ्या कानात, "बेडा रे राजा, बेडा," म्हणत राहिले. कुत्रं त्यांच्या चष्म्याखाली जीभ घालून त्यांचे डोळे चाटत होतं.

मी ठरवलं होतं ते सगळं वाहून गेलं. भर दवाखान्यात हुंदके देऊन रडले. कंपाउंडर घाबरला, त्याला वाटलं मला उलटंच काही कळलं. तो काउंटरमागून धावत आला आणि माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "अळबेडी अम्मा, अळबेडी!"

अण्णांनी कुत्र्याच्या मानेतून तोंड वर काढलं. "रडू नका म्हणतोय तो," ते मला म्हणाले.

"कळतंय हो मला!" मी म्हणाले, आणि आणखी जोरात रडायला लागले.